हलका एप्रन

पेट्रोल पंपावर स्कूटरची सीट उचलली तेव्हा डिकीच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी हेमांगीच्या हाताला लागलं. कागद तेलकट होऊन आरपार दिसत होता, भजी बांधून आणलेल्या कागदासारखा. आत काय आहे हे तिला आधी आठवेना. मग आठवलं. होळीच्या सुमारास एमआयडीसीतल्या एका कारखानदाराला दाखवायला म्हणून तिनं प्रयोगशाळेतून शीटचा एक तुकडा आणला होता. तो गृहस्थ भेटला नाही आणि तुकडा डिकीतच राहिला. तिनं कागद सोडवला आणि सवयीनं, बोटांचा चाळा म्हणून, तुकडा दुमडला. कट् असा आवाज झाला. मोठा नव्हे, मागच्या रिक्षाचा हॉर्न त्याहून कितीतरी मोठा होता. पण तुकडा दुमडीवर उलला होता, आणि तिच्या अंगठ्यावर फिकट पिवळी भुकटी आली होती. "मॅडम, गाडी पुढं घ्या," पंपावरचा माणूस म्हणाला. तिनं गाडी पुढं घेतली, भिंतीच्या सावलीत उभी केली आणि पुन्हा अंगठ्याकडे पाहिलं. सकाळचे दहाही वाजले नव्हते, तरी जळगावचं ऊन डोक्यावर तापलेल्या तव्यासारखं आलं होतं. डिकीचं झाकण तिनं पुन्हा उघडलं आणि आत हात घातला. आतली हवा कोंडलेली, भट्टीसारखी होती. तिला वाटलं, आपण ज्या भट्टीत शीट तपासली ती ही नव्हती. ती वेगळी होती, स्वच्छ, काचेच्या दाराची, आकडा दाखवणारी. त्या भट्टीत शीट पास झाली होती.

विद्यापीठाच्या त्या प्रयोगशाळेत हेमांगी कितीतरी वर्षं एकच गोष्ट करत आली होती. रबरात बिस्मथ धातूच्या ऑक्साइडची पिवळी भुकटी मळायची आणि त्याची अशी शीट काढायची की क्ष-किरण तिच्यात अडले पाहिजेत. एक्स-रे काढणारी माणसं शिशाचा एप्रन घालतात. तो इतका जड की दिवसभर घालून खांदे बधिर होतात, आणि शिसं विषारी ते वेगळंच. बिस्मथ विषारी नाही, हलकंही पडतं. पण भुकटी जास्त घातली की रबर ताठरतं, कमी घातली की किरण निसटून जातात. मऊपणा यावा म्हणून तिनं त्यात तेल घातलं होतं. दोन गरम रुळांच्या मधून शीट पुन्हा पुन्हा काढताना त्या तेलाचा वास तिच्या केसांत, ओढणीत, डब्यातल्या पोळीतसुद्धा बसत असे, आणि तिला तो आवडू लागला होता. आता ते तेल वर्तमानपत्रात उतरलं होतं. शीटमधून ते हळूहळू बाहेर पडलं, उन्हाळाभर, डिकीच्या अंधारात, कुणाचं लक्ष नसताना. मागं राहिलं ते कोरडं रबर. आणि त्याच खेपेची, त्याच रुळांतून निघालेली शीट धुळ्यात एका बाईच्या अंगावर होती.

ती बाई म्हणजे रूही. धुळ्यातल्या एका हाडांच्या दवाखान्यात ती टेक्निशियन होती. शस्त्रक्रियेच्या वेळी हाडाचं चित्र पडद्यावर चालू दाखवणारं जे यंत्र असतं, सी-आर्म, ते ती चालवायची. हेमांगीचे मार्गदर्शक भूपेंद्र सर आणि त्या दवाखान्याचे डॉक्टर जुने वर्गमित्र. म्हणून तयार झालेला पहिला, एकुलता एक एप्रन वापरून बघायला तिथं दिला होता. अट एकच होती, तो शिशाच्या एप्रनच्या वरून घालायचा, म्हणजे चुकून काही कमी पडलं तरी खाली शिसं आहेच. हेमांगीला ही अट आठवली आणि क्षणभर जीव भांड्यात पडला. मग तिला रूहीचा आवाज आठवला. मागच्या महिन्यात रूहीनं फोनवर बोलून पाठवलं होतं, "मॅडम, खरं सांगू का, आता मी तुमचाच एकटा घालते. तो जुना किती जड, पाठ धरते माझी. तुमचा घातला की घातलाय असं वाटतच नाही." हेमांगीनं ते दोनदा ऐकलं होतं. दुसऱ्यांदा ऐकलं ते निव्वळ सुखासाठी. उलट काहीच कळवलं नव्हतं. फक्त हसऱ्या चेहऱ्याचं एक चित्र पाठवलं होतं.

तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग संदेश टाकला, एप्रन वापरू नकोस, मी येतेय. एकच खूण उमटली, पोचल्याची दुसरी आली नाही. सरांना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, "डिकीतल्या तुकड्यावरून काय ठरवतेस? डिकीत माणूस ठेवला तर माणूसही करपेल. आणि खाली शिशाचा आहे ना?" ती म्हणाली, "नाहीये सर. ती घालत नाही." मग ते म्हणाले, "सोमवारी कंपनीची माणसं येताहेत, त्यांना वापरातला एप्रन बघायचाय, मगच ते तो बनवायला घेतील, एवढं लक्षात ठेव. फोन करत राहा. उचलेल ती." सर वाईट नव्हते. पण त्यांच्या बोलण्यात सोमवार आधी आला आणि रूही नंतर, हे हेमांगीच्या लक्षात आलं. लगेच हेही लक्षात आलं की पंपावर उभं असताना आपल्याही मनात सोमवार येऊन गेला होता, अगदी पुसट, पण येऊन गेला होता. स्कूटर तिनं स्टँडजवळ लावली आणि धुळ्याची बस धरली.

बस पाळधी, एरंडोल करत निघाली. खिडकीची पट्टी धरवत नव्हती. बाहेर केळीच्या बागा वाऱ्यानं फाटलेल्या पानांनी उभ्या होत्या, त्यांच्या मुळांशी ठिबकच्या काळ्या नळ्या. त्या नळ्यांकडं ती एरवीही बघायची. प्लॅस्टिक शिकली म्हणून तिला रस्त्यावरचं सगळं प्लॅस्टिक दिसे. उन्हात पांढुरकी पडलेली नळी, भेगा गेलेली बादली, टपरीवरची कडक झालेली ताडपत्री. सगळ्या वस्तू उन्हात म्हाताऱ्या होत होत्या, आणि ते तिला रोज दिसत होतं. मग तिला आपल्या शीटबद्दलच तसं का वाटलं नाही? तिनं नियमात सांगितली तेवढी उष्णता दिली होती, सांगितला तेवढा काळ. नियम लिहिणाऱ्यांनी खानदेशातला मे महिना पाहिला नसेल. पण तिनं तर पाहिला होता; ती त्यातच जन्मली होती. पारोळ्याला एक बाई शेजारी येऊन बसली, मांडीवर पिशवी, पिशवीतून भरताच्या वांग्यांचे देठ डोकावत होते. "बरं वाटत नही का बेटा?" तिनं विचारलं. "घाम किती सुटना तुले." हेमांगी म्हणाली, "ऊन आहे ना." बाईनं मान हलवली आणि पदरानं दोघींना वारा घालू लागली. तो वारा गरमच होता. पण हेमांगीला त्या क्षणी रडू येईल असं वाटलं, म्हणून ती खिडकीकडं वळली.

तिला नाना आठवले. अमृतनाना, तिचे वडील, चाळीसगावला एका दवाखान्यात एक्स-रे काढायचे. लोक त्यांना फोटोवाले नाना म्हणत. शाळा सुटली की ती डबा घेऊन जायची आणि बाहेरच्या बाकड्यावर बसायची. एकदा दार अर्धवट उघडं होतं आणि तिनं पाहिलं, झाडावरून पडलेलं पोर टेबलावर किंचाळत होतं, आई घाबरून भिंतीला टेकलेली, आणि नानांनी त्या पोराचा हात स्वतः धरून ठेवला होता. तोंडानं ते त्याच्याशी गोड बोलत होते आणि दुसऱ्या हातानं बटण दाबायला कंपाउंडरला खूण करत होते. एप्रन खुर्चीच्या पाठीवर घडी घालून पडला होता. तिला तेव्हा वडिलांचा अभिमान वाटला. पुढं ती एमएस्सीला असताना नानांना रक्ताचा कॅन्सर झाला. त्या किरणांनीच झाला का, असं तिनं मुंबईच्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "असं सांगता येत नाही." दुसऱ्यांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. सांगता येत नाही, या शब्दांवर तिचा इतका राग होता की ती जणू त्या रागावरच शिकली. निदान पुढच्या कुणाला तरी सांगता यावं, एवढंच तिला हवं होतं. बस धुळ्यात शिरली तेव्हा रूहीच्या संदेशाखाली अजून एकच खूण होती.

दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या दालनावर लाल दिवा जळत होता. दारापाशी स्टुलावर जीवराम नावाचे म्हातारे मदतनीस बसले होते. रूही आत आहे का, असं तिनं विचारलं. "मझारच शे ना," ते म्हणाले. "हायवेवर अपघात व्हयना, मांडीनं हाड मोडेल शे. सकाय पासून चालू शे." तिनं दाराकडं हात केला तसे ते उठले. "लाल दिवा चालू शे ताई. आते मझार कोनले जाता येत नही. बठ्ठा डॉक्टर मझारच शेतस." हेमांगी म्हणाली, "मला फक्त एक निरोप द्यायचाय." "दिवा विझू द्या. मंग द्या." ती थांबली. दारावर टकटक करावी का? आत माणसाची मांडी उघडी होती, हाडात सळई जात होती, आणि आपण बाहेरून ओरडायचं, एप्रन काढ. काढला तर तिच्या अंगावर काहीच उरणार नाही. न काढला तर काय उरेल, तेही माहीत नाही. दाराआडून यंत्राची बारीक पिप् ऐकू यायची, थांबायची, पुन्हा यायची. प्रत्येक पिप् म्हणजे किरण. तिला त्या किरणांचं सगळं ठाऊक होतं. ते कसे अंगावर आपटून बाजूला उडतात, किती अंतरावर किती विरतात, हे ती मुलांना फळ्यावर शिकवायची. आत्ता ते काहीच मदतीला येईना. तिला फक्त दुमडीवर उललेला तुकडा दिसत होता, आणि ती उललेली रेघ एका बाईच्या अंगावर नेमकी कुठं आली असेल, हे ती पुन्हा पुन्हा स्वतःच्या अंगावर शोधत होती. खांद्यावर. छातीवर. बसताना एप्रनला घडी पडते ती पोटावर. जीवरामनी तिच्यापुढं पाण्याचा पेला धरला. तिनं तो घेतला आणि तसाच हातात ठेवला.

दिवा विझला. रूही बाहेर आली ती हसतच. "मॅडम, तुम्ही? फोन ड्रॉवरमध्ये होता, आत नेत नाही मी." अंगावर तो पिवळट एप्रन होता, आणि तो बाईला शोभत होता, हे हेमांगीला अशा वेळीही दिसलं. तिनं सगळं एका दमात सांगितलं. रूहीचं हसू गेलं. पण ती घाबरली नाही, किंवा घाबरली तरी हातांनी ते दाखवलं नाही. "चला, बघूनच टाकू," ती म्हणाली. एक्स-रेच्या खोलीत तिनं एप्रन टेबलावर पसरला, माणसाला निजवावं तसा सरळ केला, आणि दोघी काचेआड जाऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर चित्र आलं. सगळं पांढरं. किरण अडले की पांढरं दिसतं, निसटले की काळं. खांद्याच्या पट्ट्यापाशी केसासारखी एक करडी रेघ होती, बाकी छाती, पोट, मांड्या, कुठंही काही नव्हतं. हेमांगीनं चित्र मोठं करायला सांगितलं, आणखी मोठं, पार ठिपके दिसेपर्यंत. काही नव्हतं. तिनं श्वास सोडला. मग का कोण जाणे, बहुधा दोन्हींची तुलना करायची सवय म्हणून, ती म्हणाली, "तो जुना पण बघू या." खुंटीवरचा शिशाचा एप्रन जड, निळा, वर्षानुवर्षं सगळ्यांच्या अंगावर गेलेला. तो टेबलावर ठेवताना दोघींना धाप लागली. चित्र आलं. पोटाच्या जागी काळ्या रेघा होत्या, एक आडवी लांब आणि तिला फुटलेल्या बारीक. वर्षानुवर्षं तो घडी घालून ठेवला होता त्या घड्यांच्या रेघा. बाहेरून निळं कापड धडधाकट दिसत होतं.

"म्हणजे मी तुमचाच घातला ते चांगलंच झालं की," रूही म्हणाली. तिचा हात पोटावर गेला होता. हेमांगीनं त्या हाताकडं पाहिलं, आणि मग रूहीनं ती पाहतेय हे पाहिलं. "पाचवा चालू आहे," रूही हळूच म्हणाली. "कुणाला सांगितलं नाही इथं. सांगितलं तर घरी बसवतील, म्हणतील बाळंतपण होऊन जाऊ दे, मग बघू. मग कोण बघतं, मॅडम? एप्रन होता ना. म्हटलं, एप्रन आहे तर काय भीती." एप्रन आहे तर काय भीती. हेच वाक्य माणसाला म्हणता यावं म्हणून तिनं एवढी वर्षं घातली होती. "आमचा यायच्या आधी, पहिले दोन महिने, नुसता जुनाच घालत होतीस?" तिनं विचारलं. रूहीनं मान हलवली. मग रूहीनं विचारलं, "काही झालं असेल का त्याला?" हेमांगीच्या मनात उत्तरं भराभर आली. अंगावरचे किरण मोजायला लावतात त्या बॅजची नोंद दर वेळी मर्यादेत आली होती. भेगा बारीक होत्या. बाजूला उडालेले किरण थोडे असतात. ही सगळी खरी होती. तिनं ती एकेक करून सांगितली, सावकाश, रूहीला कळतील अशी. आणि मग शेवटी तेही म्हणाली, जे म्हणायला लागू नये म्हणून ती शिकली होती. "बहुतेक काही झालं नसेल. पण नक्की असं मला सांगता येत नाही, रूही." रूहीनं तिच्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. "बरं," ती म्हणाली.

तेवढ्यात डॉक्टर दारात आले. मनगट मोडलेला पुढचा पेशंट तयार होता. "रूही, चल लवकर." रूहीचा हात सवयीनं हलक्या एप्रनकडं गेला. "आज तरी धड आहे ना हा?" तिनं हेमांगीला विचारलं. "हा घालून जाऊ?" प्रश्न साधा होता. चित्र पांढरं होतं. आज तो धड होता, उद्याही असेल, सोमवारी कंपनीच्या माणसांसमोर तर नक्कीच असेल. पण त्या पांढऱ्या चित्रात तेल कुठं दिसत होतं? पत्र्याखालच्या या खोलीत ते रोज थोडं थोडं बाहेर पडत होतं, आणि खांद्यावरची रेघ कुठल्या दिवशी खाली सरकेल, हे कुणाला कळणार होतं? हेमांगीनं टेबलावरचा मार्कर उचलला, ज्यानं ते फिल्मच्या पाकिटांवर नावं घालायचे, आणि आपल्या एप्रनच्या छातीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहिलं, वापरू नये. शाई रबरात मुरली. मग निळ्यावरही तेच लिहिलं. "हे काय करताय तुम्ही?" डॉक्टर म्हणाले. "तो आमचा आहे. इतकी वर्षं वापरतोय." हेमांगीनं पडद्याकडं बोट दाखवलं. डॉक्टर जवळ आले, चष्मा वर केला, वाकून पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या अंगावरूनही तो एप्रन गेला असणार, कारण त्यांचा हात नकळत त्यांच्या पोटाकडं गेला. "सर, मला पाचवा महिना आहे," रूही म्हणाली. "मी आज आत येत नाही." "आधी का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं. पेशंटला थांबवून त्यांनी दुसऱ्या दवाखान्यातून एप्रन मागवायला जीवरामना पाठवलं. रूहीला केस पेपरच्या खिडकीवर बसवलं आणि बाळंतपण होईपर्यंत तिनं तिथंच बसायचं असं ठरलं. ठरवताना डॉक्टरांचा आवाज तुटक होता, पण त्यांनी ठरवलं.

सोमवारी कंपनीची माणसं आली. छातीवर अक्षरं असलेला एप्रन त्यांनी पाहिला, चहा घेतला आणि पुढच्या वर्षी बोलू म्हणाले. भूपेंद्र सर त्यानंतर बरेच दिवस तिच्याशी कामापुरतं बोलत होते. मग एका दुपारी त्यांनीच विद्यापीठाच्या गच्चीवर, टाकीशेजारी, पत्र्याची एक पेटी बसवून घेतली आणि नव्या शीटचे तुकडे तिच्यात ठेवायला सांगितले. हेमांगी रोज जिना चढून ते तुकडे दुमडून बघायची. वेगळं तेल, वेगळं रबर. काही उलत होते, काही नव्हते. रात्री अंथरुणावर पडली की तिला पाचवा, सहावा, सातवा असं मोजायची सवय लागली होती, आणि कुणी हटकलं असतं तर ती काय मोजतेय हे तिनं सांगितलं नसतं.

गणपतीत रूहीचा फोन आला. मुलगी झाली होती. "सगळं ठीक आहे, मॅडम. डॉक्टरांनी पण सांगितलं." हेमांगीनं वजन विचारलं, रडली का ते विचारलं, दूध ओढते का ते विचारलं, आणि आपण फारच विचारतोय असं वाटून थांबली. बाळ महिन्याचं झालं तशी ती धुळ्याला गेली. मोगलाई भागातल्या घरात रूहीच्या सासूनं, मदिनाबींनी, तिला पलंगावर बसवलं आणि चहा करायला आत गेल्या. रूहीनं दुपट्यात गुंडाळलेली मुलगी तिच्या मांडीवर ठेवली. मुलगी झोपेत होती. हेमांगीनं तिच्याकडं पाहिलं आणि तिचे डोळे आपोआप कामाला लागले. बोटं, नखं. कानांच्या पाळ्या, दोन्ही सारख्या. पापण्या. टाळूची हलणारी जागा. दुपट्याची कड तिनं जराशी बाजूला केली, पाय बघितले, खिडकीतल्या उजेडाकडं थोडं वळवून पुन्हा चेहरा बघितला. ओठांचा रंग. श्वास. तिनं वर पाहिलं. रूही तिच्याकडंच बघत होती. रूहीनं पुढं होऊन दुपट्याची कड पुन्हा मुलीच्या पायांवर ओढली, हलक्या हातानं, पण ओढली.

"असं नका बघू तिला, मॅडम," ती म्हणाली. "रोज मी बघते असंच. तेवढं पुरे."

हेमांगीनं मान हलवली. मग दोघींनी ठरवून दुसरीकडं पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं, दाराच्या पडद्याकडं. आतून कपबशांचा आवाज येत होता. मांडीवरचं ओझं उबदार होतं आणि हलकं. झोपेतच मुलगी शिंकली, आणि दोघी एकदम तिच्यावर वाकल्या.